चौरसाचा चकवा

1990 साल. अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठाच्या एका प्रयोगशाळेत हार्ड डिस्क तुडुंब भरली. डिस्क 80 मेगाबाइटची, वापरणारे 14 जण. जागा नेमकी कोणी अडवली, हे कळायला मार्ग नव्हता. फोल्डरांची वंशावळ पडद्यावर मांडावी, तर फांद्या फुटत जाऊन ती मावेना. कोणती फाइल केवढी, हेही तीत दिसेना.

तिथले संशोधक बेन श्नायडरमन यांना उत्तर सुचलं ते प्राध्यापकांच्या विश्रांतिकक्षात. झाड काढायचंच कशाला? अख्खा पडदा म्हणजे डिस्क, असं धरायचं आणि भावाभावांत जमीन वाटतात तशी त्याची वाटणी करायची. ज्याच्या फाइलींनी निम्मी डिस्क खाल्ली, त्याला निम्मा पडदा. पहिल्या पातळीला उभे काप, त्यांच्या पोटातल्या फोल्डरांना आडवे, त्याखाली पुन्हा उभे. अल्गोरिदम सहा ओळींचा. पण तो बिनघोळ चालतो, याची स्वतःची खात्री पटायलाच त्यांना काही दिवस लागले. ब्रायन जॉन्सन या विद्यार्थ्याने प्रोग्राम लिहिला. सगळ्यात मोठा आयत दिसला की जागाखाऊ सापडला! हाच ट्रीमॅप.

पण फाइली वाढल्या की आयतांच्या चिंचोळ्या पट्ट्या होत. लांबलचक पट्टी आणि बुटका आयत शेजारी आले की मोठं कोण, सांगता येईना. 2000 साली नेदरलंड्समधल्या आइंडहोवेनचे यार्के व्हान वाइक आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी प्रत्येक तुकडा शक्य तेवढा चौरसाकडे नेणारी रीत काढली. चित्र देखणं झालं. डोळ्याला चौरसच सोपा, हे जणू ठरूनच गेलं.

ते तपासलं 2010 मध्ये निकोलस काँग, जेफ्री हीर आणि मनीष अग्रवाला या संशोधकांनी. इंटरनेटवरून जमवलेल्या लोकांना त्यांनी दोन आयत दाखवले आणि विचारलं, लहान आयत मोठ्याच्या किती टक्के? चिंचोळ्या पट्ट्यांनी लोकांना चकवलं, ते अपेक्षितच होतं. पण चौरसाची चौरसाशी तुलना करतानाही अंदाज जास्त चुकले! बेताचे लांबट, वेगवेगळ्या ठेवणीचे आयत असले की चुका कमी.

मग आइंडहोवेनची रीत इतकी वर्षं चालली कशी? कारण तिला सगळे तुकडे नेमके चौरस करणं कधी जमतच नाही. उद्दिष्ट हुकतं, म्हणूनच ती कामाला येते, असा काँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा निष्कर्ष. चित्र डोळ्याला सोपं आहे का, हे पाहणाऱ्यालाच विचारावं लागतं.