पाण्याची परीक्षा – भाग ६ : कांद्याच्या मुळाला विचारू या

जुन्या जालन्यातून नव्या जालन्यात जायचं तर कुंडलिका ओलांडावी लागते. पुलावर नाकाला रुमाल लावणाऱ्याला पाणी खराब आहे हे वेगळं सांगावं लागत नाही. मागच्या आठवड्यात आपण बीओडी, सीओडी हे आकडे पाहिले. घाण नाहीशी व्हायला प्राणवायू किती लागेल, एवढंच त्यांतून कळतं. त्या पाण्यात वाढणाऱ्या जिवाच्या गुणसूत्रांचं काय होतं, ते कळत नाही. सांडपाणी, साबण, कीटकनाशक, गॅरेजचं ऑईल एकत्र मिसळल्यावर एकेक रसायन मोजून किती मोजणार? सरळ जिवंत पेशीलाच विचारलेलं बरं.

विचारायचं कांद्याला. १९३८ साली स्वीडनच्या आल्बर्ट लेव्हान यांनी कांद्याच्या मुळांवर कोल्चिसिन या रसायनाचा परिणाम तपासला, तिथून ही वाट निघाली. कांद्याच्या पेशीत गुणसूत्रं १६च, पण चांगली ठसठशीत. कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसतात. (माणसाची गुणसूत्रं ४८ नव्हे, ४६ आहेत हे १९५६ मध्ये जो हिन चियो यांच्यासोबत जाहीर करणारे लेव्हान हेच.)

बारवाल्यांनी १९६४ मध्ये महिको ही बियाण्यांची कंपनी जालन्यात सुरू केली, त्या बियाण्यांच्या गावात उगवण कशी तपासतात हे मी काय सांगावं! कांद्याची ही चाचणी त्याच जातीची, फक्त नजर मुळाच्या आत न्यायची.

लहान कांदा घ्यायचा, बुडाकडची वाळकी मुळं खरवडायची आणि बूड जेमतेम पाण्याला टेकेल असा बाटलीच्या तोंडावर ठेवायचा. दोन-तीन दिवसांत पांढरी मुळं सुटतात. टोकं कापून तीन भाग अल्कोहोल, एक भाग अ‍ॅसेटिक आम्ल अशा मिश्रणात ठेवायची. मग सौम्य आम्लात मऊ करून रंगवायची. शेवटचे एक-दोन मिलिमीटर काचपट्टीवर घेऊन वरची पातळ काच अंगठ्याने सरळ दाबायची. काच घसरली की पेशी गुंडाळल्या जातात, मेहनत वाया.

निरोगी पेशी विभागताना गुणसूत्रांचे दोन पुंजके दोन टोकांना स्वच्छ वेगळे होतात. इजा झाली असेल तर मध्ये एखादा धागा ताणलेला राहतो, त्याला गुणसूत्री पूल म्हणतात. कधी तुटका तुकडा मागे राहतो आणि पुढे मोठ्या केंद्रकाशेजारी ठिपक्यासारखा दिसतो, ते लघुकेंद्रक. हजारभर पेशी पाहून त्यांत अशा किती, ते मोजायचं.

बाटल्या मात्र चार हव्यात: गावाच्या वर घाणेवाडीकडची, पुलाखालची, गाव संपल्यावरची आणि खात्रीच्या स्वच्छ पाण्याची. कोणती कुठली, हे मोजणाऱ्याला माहीत नसावं. स्वच्छ पाण्यातही चार-दोन पेशी बिघडलेल्या सापडतातच. तुलना नसेल तर आकड्याला अर्थ नाही.

इथे एक फसगत होते. मुळं आखूड, तपकिरी राहिली की लोक गुणसूत्रं बिघडली म्हणतात. तसं नाही. नुसत्या प्राणवायूच्या अभावानेही मूळ खुंटतं. अशा वेळी तेच पाणी स्वच्छ पाण्यात निम्मं करून पुन्हा लावायचं. मूळ वाढलं तरच आत डोकावता येतं. आणि पूल दिसले म्हणून नदीकाठच्या माणसांना कर्करोग होणार, असंही म्हणू नये. गुणसूत्र तोडू शकणारं काहीतरी पाण्यात आहे, एवढंच कांदा सांगतो. नेमकं काय आणि कुठून आलं, याचा शोध त्यानंतर.

पुढच्या आठवड्यात माशाच्या रक्ताचा एक थेंब. आपल्या तांबड्या पेशींना केंद्रक नसतं, माशाच्या पेशींना असतं; लघुकेंद्रक तिथेही मोजता येतं.