काळी माती, चुना आणि पाणी

दख्खनच्या पठारावरील काळी माती कापसाला जितकी मानवते तितकीच रस्ता बांधणाऱ्याला जाचते. कारण पावसाळ्यात पाणी पिऊन फुगणे आणि उन्हाळ्यात हात शिरेल एवढ्या भेगा पाडून आक्रसणे हा तिचा स्वभाव असून, त्याचे मूळ माँटमोरिलोनाइट नामक खनिजाच्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांत आहे. पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की ते परस्परांपासून दूर सरतात. धुमसाने कितीही ठोकले तरी मातीची घनता तेवढी वाढते, वृत्ती पालटत नाही.

ती पालटण्याचे सामर्थ्य चुन्यात आहे. मौज अशी, की याच मातीत चुनखडीचे खडे जागोजाग सापडतात; परंतु भट्टीत भाजून निघाल्यावाचून त्यांचा येथे काडीचा उपयोग नाही. भाजलेल्या चुनकळीवर पाणी पडताच ती तडतडते, वाफा सोडते, फुटते, आणि मागे फक्की उरते. ही फक्की शेकडा 3 ते 8 या प्रमाणात मिसळून माती दिवसभर मुरू दिली, म्हणजे फावड्याला चिकटून बसणारा चिखल रवाळ होऊन सुटा पडतो. चुन्यातील कॅल्शियम पापुद्र्यांवरील पूर्वीच्या आयनांना पदच्युत करून पापुद्र्यांचे पुंजके बांधते, त्याचा हा परिणाम.

चुना माती कोरडी करतो, असे मुकादम सांगतो. चुनकळीच्या उष्णतेने काही पाणी उडते, हे खरेच. पण रॅल्फ प्रॉक्टर यांनी 1933 मध्ये प्रचारात आणलेल्या साच्यात तीच माती ठोकून पाहावी, तर उत्तम दाबणीला लागणारे पाणी वाढलेले आणि कोरडी घनता घटलेली आढळते. पुंजक्यांमधील मोठ्या पोकळ्यांतले पाणी अल्प ओढीनेही निघून जाते. पुढे महिनोगणती चुना व मातीतील सिलिका यांच्या संयोगातून जो सिमेंटसदृश लेप जमतो, तो मात्र नवी बारीक रंध्रे घडवतो, आणि त्यांतले पाणी तीव्र ओढीलाही सहजी दाद देत नाही. अर्थात पाणी मातीत राहतेच. माती फुगवण्याचा त्याचा अधिकार तेवढा बव्हंशी खालसा होतो.

चुना किती घालावा, याचा ईड्स व ग्रिम यांनी 1966 मध्ये दिलेला निकष सुटसुटीत आहे: ज्या किमान प्रमाणाने मिश्रणाचा सामू 12.4 वर पोचतो, ते घ्यावे. मात्र मातीत जिप्समसारखे सल्फेट असेल, तर चुन्याच्या संगतीने एट्रिंगाइटचे जलबहुल स्फटिक वाढून पक्की झालेली सडकच उचलली जाते. म्हणून सल्फेटची तपासणी चुन्याची गाडी मागवण्यापूर्वी करावी लागते.