वर्णानुक्रमाचा न्याय

द्वितीय वर्ष, बी. ए. (अर्थशास्त्र)

आपल्या जीवनात रांगेला मोठे स्थान आहे. रेशनच्या दुकानापासून एस.टी.च्या खिडकीपर्यंत माणूस आधी आपला नंबर कितवा हे पाहतो. ‘हाजिर तो वजीर’ हा या रांगांचा कायदा. जो पहाटे उठेल त्याचा नंबर आधी. परंतु एक रांग अशी आहे की, तिच्यात कितीही लवकर उठले तरी नंबर बदलत नाही. ती म्हणजे आडनावांच्या वर्णानुक्रमाची रांग. हजेरीपट, तोंडी परीक्षा, अर्जांची तपासणी, मतपत्रिका अशा अनेक ठिकाणी आपण ती लावतो आणि ती निःपक्षपाती आहे असे धरून चालतो. हा समज कितपत खरा आहे, हे पाहण्याचे प्रस्तुत लेखात योजिले आहे.

प्रथम वर्णानुक्रमाचे गुण मान्य केले पाहिजेत. शोधण्यासाठी त्याच्यासारखे साधन नाही. १९७६ साली मराठी विश्वकोशाचा पहिला खंड निघाला. त्यातील नोंदी वर्णानुक्रमे लावल्या नसत्या तर तो कोश उघडून उपयोग काय झाला असता? शिवाय वर्णमाला कोणाची जात पाहत नाही, श्रीमंती पाहत नाही, ओळखपाळख पाहत नाही. आपल्याकडे आडनाव ऐकताच माणसाचे गाव आणि घराणे शोधू लागणारे लोक कमी नाहीत. त्यांच्या मानाने वर्णमाला फारच सज्जन म्हणायची! या सज्जनपणामुळेच तिच्यावर कोणी संशय घेत नाही.

पण ही वर्णमाला कोणती, हा प्रश्न विचारताच गंमत सुरू होते. माझे आडनाव झेंडे. ‘झ’ हे आपल्या वर्णमालेतील नववे व्यंजन. त्यामुळे पाटील, मोरे, शिंदे ही मंडळी माझ्या मागे. शाळेच्या मराठी हजेरीपटात आधी सगळे मुलगे आणि मग मुली असत. तरी मुलींमध्ये माझा क्रमांक पाचवा असे. दहावीच्या परीक्षेचा अर्ज भरताना गुरुजींनी ते इंग्रजीत ‘झेड’ने लिहिले. महाविद्यालयात आले, यादी इंग्रजी वर्णमालेप्रमाणे लागली आणि मी एकशे अठ्ठावीस जणांत शेवटून दुसरी झाले. उलट ‘भ’ हे चोविसावे व्यंजन. तरी भोसले इंग्रजीत ‘बी’ची शिडी लावून थेट वर चढतात. उगले मराठीत स्वरांच्या मानाने पुढच्या बाकावर, इंग्रजीत ‘यू’मुळे मागच्या बाकावर. माणसे तीच, त्यांची बुद्धी तीच, आणि लिपी बदलताच पहिले शेवटचे झाले! ज्या क्रमाला गुणांचा आधार नाही त्यावर गुण, वेळ आणि संधी वाटल्या जाऊ लागल्या की प्रश्न उभा राहतो.

याची किंमत किरकोळ वाटते. शिष्यवृत्तीच्या अर्जांची तपासणी हजेरी क्रमांकाने सुरू होते. पहिल्या पन्नासांचे काम दुपारपर्यंत उरकते. शेवटच्या वीसांना ‘उद्या या’ असे सांगितले जाते. गावाहून येणाऱ्याला उद्या येणे म्हणजे पुन्हा एस.टी.चे भाडे, आणि पालकाची सही लागणार असेल तर त्यांचा एक रोज बुडणे. तोंडी परीक्षेत शेवटचा विद्यार्थी चार तास बाहेर उभा राहून घशाला कोरड पाडून घेतो, आणि आत परीक्षकही तोवर थकलेले असतात. एखाद्या वेळी मागे राहणे याला आपण योगायोग म्हणतो. पण पहिलीपासून पदवीपर्यंत प्रत्येक रांगेत तीच माणसे मागे राहत असतील, तर त्याला योगायोग म्हणता येत नाही.

हा नुसता मनाचा ग्रह नाही, असे दाखवणारे संशोधन झालेले आहे. माझ्या विषयातलेच उदाहरण प्रथम घेते. अर्थशास्त्रात अनेकांनी मिळून शोधनिबंध लिहिला तर लेखकांची नावे बहुधा वर्णानुक्रमे छापतात. पुढे त्या निबंधाचा उल्लेख करताना पहिले नाव घेतात आणि उरलेल्यांना ‘आणि इतर’ या दोन शब्दांत गुंडाळतात. लिरान आइनाव आणि लीअत यारिव्ह या अर्थशास्त्रज्ञांनी २००६ साली अमेरिकेतील अव्वल अर्थशास्त्र विभागांची पाहणी प्रसिद्ध केली. आडनावाचे आद्याक्षर जितके पुढचे, तितकी कायम नेमणूक मिळण्याची शक्यता जास्त, असे त्यांना पहिल्या दहा विभागांत आढळले. मानसशास्त्रात नावे वर्णानुक्रमे छापण्याची रीत नाही. आणि तेथे असा परिणाम आढळला नाही. या तुलनेमुळे दोष आडनावात नसून रीतीत आहे हे स्पष्ट होते.

दुसरे उदाहरण गुणांचे. मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी तेथील तीन कोटींहून अधिक गुणनोंदी तपासल्या. २०२४ साली त्यांचे निष्कर्ष जाहीर झाले. तेथे शिक्षक ‘कॅनव्हास’ नावाच्या संगणक-प्रणालीवर उत्तरे तपासतात आणि ती प्रणाली आपण होऊन उत्तरे वर्णानुक्रमे पुढे ठेवते. या क्रमाने तपासताना वर्णमालेच्या आरंभीच्या आणि शेवटच्या आडनावांच्या विद्यार्थ्यांत शंभरात सुमारे ०.६ गुणांचा फरक पडत होता. शेवटच्यांना मिळणारे शेरेही अधिक कठोर होते. थोडे शिक्षक मात्र उलट्या क्रमाने तपासत होते. त्यांच्याकडे तोटा आरंभीच्या आडनावांना झाला! अर्थात शिक्षकांच्या मनात कोणाविषयी आकस नव्हता. ती शेकडो उत्तरांनंतर येणारी थकावट होती, आणि ती दरवेळी त्याच माणसांच्या वाट्याला जात होती. ०.६ गुण म्हणजे काय मोठेसे, असे कोणी म्हणेल. पण वर्ग एका गुणाने हुकलेल्याला ते विचारून पाहावे.

या रांगेचा स्वभावावरही परिणाम होत असावा. कर्ट कार्लसन व जॅकलिन कोनार्ड यांनी २०११ साली असे दाखवले की, वर्णमालेच्या शेवटच्या आडनावांची माणसे मर्यादित वस्तू मिळवण्यासाठी अधिक घाई करतात. विशेष म्हणजे लग्नानंतरच्या नव्या आडनावाशी याचा संबंध दिसला नाही. तो लहानपणच्या आडनावाशी होता. आम्हा मुलींना हे ध्यानात घेण्यासारखे आहे. उद्या आडनाव बदलून कोणी ‘ए’वर गेली, तरी बालपणी शेवटी उभे राहण्याची सवय तिच्यासोबत सासरी जाणारच.

निवडणुकीत तर हा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. मतपत्रिकेवर वरचे नाव असण्याचा फायदा होतो, या मुद्द्यावर कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली, पदावर असलेल्या उमेदवाराचे नाव आधी छापण्याची पद्धत रद्द केली. तेव्हापासून तेथे इंग्रजीच्या २६ अक्षरांची चक्क सोडत काढतात आणि निघेल तो क्रम त्या निवडणुकीची वर्णमाला ठरतो. राज्यव्यापी पदासाठी तर एका विधानसभा मतदारसंघात वर असलेले नाव पुढच्या मतदारसंघात तळाला जाते. आपल्याकडे १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार मान्यताप्राप्त पक्षांचे, इतर नोंदणीकृत पक्षांचे आणि अपक्ष असे उमेदवारांचे तीन गट करतात. मात्र प्रत्येक गटात नावे वर्णानुक्रमेच लावतात.

यावर उपाय काय? परीक्षेत नावाऐवजी बैठक क्रमांक असतो, म्हणून प्रश्न मिटला असे वाटेल. परंतु बैठक क्रमांकच वर्णानुक्रमे दिले असतील, तर नाव झाकले जाते, क्रम उघडाच राहतो. खरा उपाय क्रम फिरवण्याचा आहे, आणि त्याला एक पैसा लागत नाही. पहिल्या चाचणीची तोंडी परीक्षा पहिल्या क्रमांकापासून घेतली तर दुसरीची शेवटापासून घ्यावी. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा तपासण्यापूर्वी पत्त्यांसारखा पिसावा. अर्जांच्या तपासणीला एका वर्षी एका टोकाने आरंभ करावा, तर पुढच्या वर्षी दुसऱ्या टोकाने. आणि बाहेरगावच्या विद्यार्थ्यांचे काम त्याच दिवशी संपवावे. प्राध्यापकवर्गाने या सूचनांचा विचार करावा, अशी नम्र विनंती आहे.

शोधण्यासाठी वर्णानुक्रम खुशाल असावा. वाटपाची वेळ आली की मात्र तो फिरता असावा. माझ्या मागे या वर्षी यादीत एकच नाव आहे. ते आडनावही ‘झेड’चेच आहे. आम्हा दोघींना पहिला नंबर कायमचा नको. पाळीपाळीने आला तरी पुरे.