काबोचं चॅपल: खलाशांची खूण

आपण बालाघाटावरची माणसं. माळावर वाट चुकली की आपली नजर लांबच्या देवळाचं शिखर शोधते. शिखर दिसलं की गाव सापडतं आणि हात आपोआप जोडले जातात. वाटेची खूण आणि श्रद्धा अशी एकाच ठिकाणी असते. समुद्रावरही हेच घडतं, ते आज आपण गोव्यातल्या काबोच्या चॅपलवरून, म्हणजे तिथल्या छोट्या प्रार्थनामंदिरावरून, समजून घेऊ.

पणजीजवळ दोना पावला इथं जमिनीचं एक टोक समुद्रात शिरलं आहे. पोर्तुगीजमध्ये 'काबो' म्हणजे भूशिर. उत्तरेला मांडवीचं मुख, दक्षिणेला जुवारीचं. गव्हर्नर एस्तेव्हांव द गामा, म्हणजे वास्को द गामाचा मुलगा, याच्या काळात, १५४१ च्या सुमारास, मेरीमातेचं हे चॅपल इथं बांधलं गेलं.

आता प्रश्न असा, की ते ऐन टोकावरच का?

लिस्बनहून जहाजं साधारण मार्च-एप्रिलमध्ये निघत. आफ्रिकेला वळसा घालून, मोसमी वाऱ्यांवर सप्टेंबरच्या आसपास गोव्याला पोचत. सहा महिने ताजी भाजी नाही, फळं नाहीत. स्कर्व्हीनं हिरड्या सुजत, माणसं वाटेतच दगावत. सूर्याची उंची मोजून अक्षांश कळे. रेखांश समुद्रावर बिनचूक मोजायची सोय मात्र अठराव्या शतकापर्यंत नव्हती. म्हणजे किनारा किती लांब, हा निव्वळ अंदाज! शिवाय किनारा दिसला तरी नेमकं मुख ओळखावं लागे. पावसाळ्यात मांडवीच्या तोंडाशी वाळूचा दांडा तयार होतो. मग जहाजं जुवारीकडे वळत. चूक झाली, तर सहा महिने जगलेली माणसं घराच्या दारात बुडायची.

दोन्ही मुखांच्या मधोमध उभं असलेलं चॅपल दिसलं, की आपण कुठं आहोत ते पक्कं व्हायचं. जहाजांवरून तोफांची सलामी दिली जाई. त्या सलामीत भक्ती होती आणि सुटकेचा निःश्वासही होता. आपल्या कोकणातले तांडेलसुद्धा डोंगर, झाडं, देवळं यांच्या खुणा धरूनच होडी हाकत आले आहेत.

पुढं १८६४ मध्ये जवळच आग्वादचं दीपगृह सुरू झालं. वाट दाखवायचं काम दिव्याकडे गेलं, प्रार्थना चॅपलकडे राहिली. काबोवर नंतर राज्यपालांचं निवासस्थान झालं, तरी चॅपल त्याच आवारात टिकून आहे. १५ ऑगस्टला तिथं मेरीमातेचा सण होतो, आणि त्या दिवशी सामान्य माणसालाही आत जाता येतं.