नव्वदच्या पुढे

पेणजवळच्या एका गणपती कारखान्यात मे महिन्यात गेले होते. ओळीनं बसलेल्या बायका मांडी घालून मूर्ती रंगवत होत्या. एक बाई मात्र प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून, मूर्ती उंच स्टुलावर ठेवून डोळ्यांची आखणी करत होत्या. का, म्हणून विचारलं. "गुडघा बदललाय. आता खाली बसणं नाही," त्या म्हणाल्या आणि पुन्हा बुबुळाकडे वळल्या. दुखणं गेलं होतं, चालणं सुधारलं होतं, कुठल्याही दवाखान्याच्या हिशेबात ते ऑपरेशन यशस्वीच धरलं जाईल. पण जन्मभर ज्या बसण्यावर त्यांचा हात चालला, ते बसणं मात्र गेलं होतं. गुडघा बदलल्यावर माणसाला नेमकं काय परत मिळतं, हे जवळून बघावं असं तेव्हा मनानं घेतलं.

त्यांनीच एका फिजिओथेरपिस्टचं नाव सुचवलं. तिचा फेरा रामवाडीचा. मुंबई-गोवा महामार्गालगतची ही वस्ती, एसटीच्या रायगड विभागाचं कार्यालय इथलंच. तिचे बरेच पेशंट एसटीतून निवृत्त झालेल्यांच्या घरातले. ऑपरेशनं होतात नवी मुंबईत नाहीतर मुंबईत. तीन-चार दिवसांत माणूस गाडीत आडवा होऊन घरी येतो आणि मग खरं काम सुरू होतं. ते काम म्हणजे हिची स्कूटी, पिशवीतला एक कोनमापक आणि पुठ्ठ्याची वही.

ज्यांच्या घरी मी पुन्हा पुन्हा गेले त्या काकी बासष्ट वर्षांच्या. उजवा गुडघा बदलून पाचवा आठवडा चालू होता. पुढच्या पडवीत मुलानं रंगवायला आणलेल्या लहान मूर्ती रांगेनं मांडलेल्या, त्यामुळे घरभर ओल्या रंगाचा वास. काकी आतल्या खोलीत पलंगावर, आणि गुडघ्याखाली एक मऊ, भरतकाम केलेली उशी.

फिजिओनं चपला काढल्या, आत आली, काही न बोलता ती उशी काढून बाजूला ठेवली आणि टॉवेलची गुंडाळी करून टाचेखाली सरकवली. सून म्हणाली, "त्यांना बरं वाटतं हो त्यानं." "बरं वाटतं म्हणूनच नको," ही म्हणाली. गुडघ्याखाली उशी असली की पाय थोडा वाकलेला राहतो, दुखत नाही. पण तसाच आठवडाभर राहिला तर सांध्याच्या मागच्या बाजूचं आवरण आखडतं आणि मग पाय पूर्ण सरळ होईनासा होतो. सरळ न होणारा गुडघा चालताना पावलागणिक मांडीला दमवतो. टाचेखाली गुंडाळी ठेवली की गुडघा अधांतरी राहून आपल्याच वजनानं सरळ होत जातो. ते दुखतं. दिवसातून तीन-चार वेळा, दहा-दहा मिनिटं दुखवून घ्यायचं.

मग माप. कोनमापकाचा मधला बिंदू गुडघ्याच्या बाहेरच्या उंचवट्यावर, एक पट्टी खुब्याच्या हाडाकडे रोखलेली, दुसरी घोट्याकडे. काकींनी पायाला ओढणी अडकवून टाच स्वतःकडे ओढत आणली. व्रणाची रेघ मांडीच्या खालच्या भागापासून नडगीपर्यंत, दोन्ही कडांना पिनांच्या जागी बारीक ठिपके. वाकताना ती कातडी चकचकीत होईपर्यंत ताणली गेली. "चौऱ्याऐंशी," फिजिओ म्हणाली. "नव्वद आलं पाहिजे, काकी. सहाव्या आठवड्याच्या आत नव्वद."

हे नव्वद त्या घरात मी इतक्यांदा ऐकलं की नातूसुद्धा शाळेतून आल्यावर "आजी, नव्वद झालं का?" असं विचारायचा. सपाट जमिनीवर चालायला साधारण पासष्ट-सत्तर अंश पुरतात. जिना चढायला ऐंशीच्या पुढे लागतात, खुर्चीतून नीट उठायला नव्वद ते शंभर. उकिडवं बसायला मात्र एकशेवीसच्याही पुढे जावं लागतं. म्हणजे भारतीय पद्धतीचा संडास, पाटावरचं जेवण, मूर्तीपुढचा पाट हे सगळं नव्वदच्या बरंच पलीकडे आहे. बदललेला गुडघा सरासरी एकशेदहाच्या आसपास येऊन थांबतो. खुर्चीवरच्या आयुष्याला तेवढा पुरतो. पेणच्या घरांतलं निम्मं आयुष्य जमिनीवर जातं.

ऑपरेशनचं वर्णन काकींच्या मुलाला तोंडपाठ होतं, आणि ते फार लांबवण्यासारखं नाही. मांडीच्या हाडाचा आणि नडगीचा झिजलेला शेंडा सेंटीमीटरभर तासतात, तिथे धातूचं टोपण आणि धातूची थाळी ॲक्रेलिकच्या सिमेंटनं बसवतात आणि मधे पॉलिथिलीनची गादी येते. हा सांधा आज ज्या रूपात बसवतात त्याचा पाया १९७४ मध्ये न्यूयॉर्कच्या हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरीत घातला गेला. घालणाऱ्यांत जॉन इन्सॉल यांच्याबरोबर चित्तरंजन राणावत हे भारतीय वंशाचे सर्जन होते. ऑक्टोबर २००० मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात अटलबिहारी वाजपेयींचा डावा गुडघा आणि पुढच्या वर्षी जूनमध्ये उजवा बदलला तो याच राणावतांनी. पंतप्रधानांचे गुडघे तेव्हा महिनोन् महिने बातम्यांत होते, आणि "गुडघा बदलता येतो" हे गावोगावी कळलं ते तेव्हापासून.

आणि परवडू लागला तो २०१७ नंतर. त्या वर्षी १६ ऑगस्टला राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणानं गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या कमाल किमती बांधून दिल्या. सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची सरासरी छापील किंमत १,५८,३२४ रुपये होती. ती ५४,७२० वर आली, जीएसटी वेगळा. हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. काकींसारख्या कितीतरी घरांना त्यानंतरच ऑपरेशनचा विचार तरी करता आला. त्याच यादीत 'हाय-फ्लेक्स', म्हणजे जास्त वाकणारा म्हणून मिळणारा सांधाही होता, ५६,४९० रुपयांचा. काकींच्या मुलानं हौसेनं तोच सांगितला होता, आई खाली बसेल म्हणून. दोन्ही सांध्यांची तुलना करणाऱ्या बहुतेक अभ्यासांत वाकण्यात म्हणण्याजोगा फरक सापडलेला नाही. ऑपरेशनच्या आधी गुडघा किती वाकत होता, यावर नंतरचं वाकणं सर्वांत जास्त ठरतं, आणि ते कुठल्याही दुकानात विकत मिळत नाही.

"आधी किती वाकत होता?" फिजिओनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं. कागदांत कुठेच नोंद नव्हती. काकींनी हातानं दाखवलं, जेमतेम पाऊण काटकोन. आठ वर्षं त्यांनी ऑपरेशन पुढे ढकललं होतं. आधी मुलीचं लग्न, मग घराचा स्लॅब, मग करोना. या आठ वर्षांत गुडघा दुखू नये म्हणून कमी वाकवला, आणि कमी वाकवला म्हणून आखडत गेला.

या ऑपरेशनचे निकाल जगभर मोजले जातात, आणि आकडे खरोखर चांगले आहेत. २०१९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या मोठ्या अभ्यासात ऑस्ट्रेलिया आणि फिनलंडच्या नोंदवह्या तपासल्या, तेव्हा पूर्ण बदललेल्या दर १०० गुडघ्यांपैकी साधारण ८२ गुडघे २५ वर्षांनीही जागेवर होते. स्वीडननं तर अशी नोंदवही १९७५ पासून ठेवली आहे. पण 'जागेवर' म्हणजे काय, तर तो सांधा काढून दुसरा बसवावा लागला नाही. चौऱ्याऐंशी अंशांवर अडकलेला गुडघासुद्धा त्या ८२ मध्येच मोडतो. दुखतो पण आता कोण पुन्हा कापून घेईल, असं म्हणून गप्प बसलेलं माणूसही त्यातच. लोकांना थेट विचारणारे अभ्यास पाहिले तर पाचातला एक जण म्हणतो की जे वाटलं होतं ते मिळालं नाही. मला हा पाचातला एक जास्त महत्त्वाचा वाटतो. तो कशामुळे नाराज आहे हे घरी जाऊन बघितल्याशिवाय समजत नाही.

पाचव्या आठवड्याच्या शेवटी त्या घरी जे पाहिलं ते अजून डोळ्यांसमोर आहे. गोळी अर्धा तास आधी घेतलेली, बर्फ लावून झालेला. काकी पलंगाच्या कडेला पाय सोडून बसल्या. डावा पाय उजव्याच्या पुढून अडकवून त्यानंच उजवा मागे रेटायचा. फिजिओचा तळवा नडगीवर, जोर न करता नुसता टेकलेला. "दहा मोजते. सोडायचा नाही." काकींनी पलंगाची पट्टी धरली. चारला त्यांचे डोळे मिटले. सातला त्या म्हणाल्या, "थांब गो बाय." ती थांबली नाही, पण तिनं आकडे सावकाशही केले नाहीत. आठ, नऊ, दहा. सोडल्यावर दोघींनी एकदमच श्वास सोडला. हे असं पाच वेळा. सून दाराशी उभी होती, ती आत पाणी आणायला म्हणून गेली आणि सगळं होईपर्यंत बाहेर आली नाही.

ऑपरेशनच्या आधी काय विचारायचं, हा प्रश्न यातूनच येतो. मोठ्या आणि क्वचित होणाऱ्या शस्त्रक्रियांची गोष्ट वेगळी. कर्करोगात अन्ननलिका काढणं किंवा स्वादुपिंडाचा भाग काढणं, यात रुग्णालयानं अशा किती केल्या आहेत यावर जीव तगणं बरंचसं ठरतं. अमेरिकेत २००२ मध्ये जॉन बर्कमायर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रियेनंतर फार कमी संख्येनं ती करणाऱ्या रुग्णालयांत १०० पैकी सुमारे १६ रुग्ण दगावत, आणि सर्वांत जास्त करणाऱ्यांत ४ च्या आत. तिथे "डॉक्टरांनी किती केल्यात?" हा प्रश्न विचारलाच पाहिजे. गुडघ्याच्या बाबतीतही तो विचारावा. काकींच्या मुलानं विचारला होता, आणि उत्तर हजारांत आलं होतं. त्याला विचारायला कुणी सुचवलं नाही ते हे, की घरी आल्यावर आईचा गुडघा कोण वाकवणार, किती दिवस आणि कुणाच्या पैशानं. दवाखान्यात असेतो व्यायाम पॅकेजात होता. घरचा खर्च वेगळा. मुलाच्या मनात घरचा व्यायाम अर्ध्यावर बंद करायचा होता. "चालतेय की आई," तो म्हणाला, आणि त्याला वाईट म्हणवत नाही. त्याच्या हिशेबात ऑपरेशन संपलं होतं, कारण त्याला भेटलेल्या प्रत्येकानं ते संपल्यासारखंच सांगितलं होतं. सुट्टी देताना हातात दिलेल्या कागदावर गोळ्यांची वेळ होती, टाके काढायची तारीख होती. किती अंशांवर घरी चाललात आणि कितीवर पोहोचायचं आहे, याची एक ओळ तिथे असायला हवी होती, असं मला ठामपणे वाटतं.

उशी मात्र पुन्हा पुन्हा परत यायची. फिजिओ गेली की सून सासूचा चेहरा बघून ती हळूच गुडघ्याखाली ठेवायची. रागावून उपयोग नव्हता. शेवटी फिजिओनं सुनेलाच पलंगावर झोपवलं, तिच्या गुडघ्याखाली उशी ठेवली आणि पंधरा मिनिटांनी उठून दहा पावलं चालायला सांगितलं. पाय धरल्यासारखा झाला तसं तिनं स्वतःच ती उशी उचलून पुढच्या खोलीत नेऊन ठेवली.

नव्वद आलं सहाव्या आठवड्यात. नसतं आलं तर भूल देऊन गुडघा वाकवून घ्यायला पुन्हा दवाखाना गाठावा लागला असता. काकींना मात्र आकड्याचं विशेष काही वाटलं नाही. त्यांना रोह्याला लेकीकडे जायचं होतं, एसटीनं, अर्ध्या तिकिटात. बायकांना मार्च २०२३ पासून निम्मं भाडं झाल्यापासून त्या महिन्याकाठी जात असत, ते गुडघ्यापायी बंद झालं होतं. म्हणून पुढचे दिवस ओट्यावर वीट रचून एसटीच्या पायरीची तालीम. चढताना चांगला पाय आधी वर, उतरताना ऑपरेशनचा आधी खाली. दांडी डाव्या हातात, पिशवी काखेत; हात मोकळे ठेवायचेच.

फिजिओच्या वहीत अंशांच्या रकान्याशेजारी तिनं स्वतः आखलेला एक रकाना आहे: 'काय जमतं'. कुणापुढे 'संडास, धरून', कुणापुढे 'देवळाची पायरी', एकापुढे 'काहीच सांगत नाही'. तिसऱ्या महिन्यात काकींपुढे एकशेचार लिहिलं गेलं आणि शेजारी 'रोहा, एकटी, जाऊन-येऊन'. त्याखाली, 'खाली बसणं – नाही'. बहुतेक सर्जन बसू नकाच म्हणतात, आणि बसून उठताही आलं नसतं. मुलानं मूर्ती ठेवायला कमरेइतक्या उंचीचा मंच ठोकून घेतला होता.

ती वही मिटणार तेवढ्यात काकी म्हणाल्या, डावाही हल्ली ठणकतो, पण गणपती होऊ देत, मग दिवाळी, मग बघू. फिजिओनं पिशवीत टाकलेला कोनमापक पुन्हा काढला. डावा पाय सरळ करायला लावला, टाच ओढून घ्यायला लावली, बिंदू उंचवट्यावर टेकवला.

"एकशेपाच," ती म्हणाली आणि ते वहीत नव्या पानावर लिहून घेतलं. "आत्ता एकशेपाच आहे, काकी. व्यायाम आजपासून दोन्ही पायांचा. आणि डॉक्टरांना दाखवायचं ते याच महिन्यात. हा नव्वदवर यायची वाट बघायची नाही."