‘मेर्सी’ : एका शब्दाचे मोल

बदलीवर पुदुच्चेरीला रुजू झाले तेव्हा मला तमिळ भाषेचा गंधही नव्हता. पहिल्याच आठवड्यात एका वयोवृद्ध निवृत्तिवेतनधारक ग्राहकांनी पासबुक हाती घेताना किंचित मान लववून म्हटले, ‘मेर्सी’. १९५४ पर्यंत फ्रेंच अमलाखाली असलेल्या त्या नगरीत हा शब्द अद्याप कानी पडतो, हे मला ठाऊक नव्हते. परक्या गावातील माझा तो दिवस त्या दोन अक्षरांनी हलका केला.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीस या शब्दाचे मूळ विशेष रोचक वाटावे. लॅटिन भाषेतील मूळ शब्दाचा अर्थ होता वेतन किंवा मोबदला. पुढे ख्रिस्ती परंपरेत त्याला कृपा व दया असा अर्थ लाभला आणि फ्रेंचमध्ये त्यातूनच आभाराचा भाव उमलला. इंग्रजीतील ‘मर्सी’ याच कुळातील. ज्या मोटारीचे नाव वाहनकर्जाच्या अर्जावर पाहताच आपले डोळे विस्फारतात, त्या ‘मर्सिडीज’चे नावही एमिल येलिनेक या उद्योजकाच्या कन्येवरून आले, त्या स्पॅनिश नावाचा अर्थ ‘कृपा’ असाच आहे.

या शब्दाने सीमाही सहज ओलांडल्या. इराण, तुर्कस्तान व बल्गेरिया येथील नित्याच्या बोलण्यात तो रुळला आहे. एका जर्मन कंपनीने १९६५ मध्ये ‘मेर्सी’ याच नावाने चॉकलेट बाजारात आणले. आभार मानायचे जर्मनांनी, शब्द मात्र फ्रेंचांचा!

स्नेहाच्या शब्दांचेही तसेच. अगाथा ख्रिस्ती यांचा गुप्तहेर हर्क्युल पॉयरो १९२० पासून वाचकांना ‘मोनामी’ अर्थात ‘माझ्या मित्रा’ हे संबोधन ऐकवीत आला. गंमत अशी, की तो फ्रेंच नसून बेल्जियन! बीटल्सनी १९६५ मधील ‘मिशेल’ या गीतात इंग्रजीसोबत फ्रेंच ओळी गुंफल्या. पॅरिसच्या मोंमार्त्र भागात २००० मध्ये उभारलेल्या भिंतीवर ६१२ निळ्या फरश्यांवर ‘माझे तुझ्यावर प्रेम आहे’ हे वाक्य सुमारे अडीचशे भाषांत लिहिलेले आहे.

फ्रेंचमध्ये हे वाक्य म्हणजे ‘ज तेम’. त्याला ‘चांगले’ या अर्थाचा ‘बियाँ’ जोडला, की प्रेम वाढण्याऐवजी उणावते आणि केवळ ‘तू मला आवडतोस’ एवढेच उरते. जमेला एक शब्द वाढला आणि शिल्लक घटली, असा हा अजब हिशेब! लाडाने मात्र ते जिवलगाला ‘माझी इवलीशी कोबी’ म्हणतात. आपल्याकडील ‘चिमणी’ आणि ‘पिल्लू’ यांना हसण्याचे कारण नाही.

मराठी घरात मात्र आपल्या माणसाचे आभार मानणे परकेपणाचे वाटते. ताट वाढल्याबद्दल ‘आभारी आहे’ म्हटले, तर आईच विचारील, ‘बरे नाही का वाटत?’ याच सवयीने माझ्या हातून एक चूक घडली. माझ्या पहिल्या शाखेतील वयस्क हेड कॅशियरनी मला नोटा मोजण्यापासून दिवसाचा ताळा जुळवण्यापर्यंत सारे शिकविले. ते निवृत्त झाले त्या सायंकाळी मी एका फरकाचा शोध घेत बसले होते. निरोपाला गेलेच नाही. ‘त्यांना ठाऊकच आहे’ अशी मनाची समजूत घातली.

पुदुच्चेरीतील त्या ‘मेर्सी’नंतर मी त्यांना चार ओळींचे पत्र लिहिले. उत्तर आले : ‘तुझे पत्र पासबुकात ठेवले आहे.’

वाचकहो, काही ऋणे फेडता येत नाहीत. त्यांची नोंद तरी वेळेवर व्हावी, इतकेच.