बुळकांडीनंतरची वीस वर्षं

मे २००६ मध्ये भारत बुळकांडीच्या विषाणूपासून पूर्ण मुक्त असल्याची नोंद जागतिक पशुआरोग्य संघटनेनं केली. त्याला यंदा वीस वर्षं झाली. ज्या रोगानं एकेकाळी गोठेच्या गोठे रिकामे केले, तो मध्य प्रदेशातल्या सौंसर-पांढुर्ण्याच्या आजच्या कुठल्याही तरुण शेतकऱ्यानं पाहिलेला नाही. पशुवैद्य म्हणून माझी उमेदीची वर्षं तो रोग घालवण्याच्या कामात गेली आणि त्याचं मला समाधान आहे. पण हा मागोवा मी समाधानानं लिहायला बसलेलो नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूनं मेले. त्यानंतर थोड्याच दिवसांत छिंदवाड्यात पाळीव मांजरं मरू लागली. तिथंही बर्ड फ्लूचा एच५एन१ हाच विषाणू निघाला आणि मांसाची दुकानं बंद करावी लागली. छिंदवाड्याहून नागपूरला जाणारा रस्ता आमच्या सौंसरवरून जातो. या दोन घटना एकमेकींशी जोडलेल्या होत्या असं मी म्हणत नाही. तसं म्हणायला पुरावा लागतो. पण तो पुरावा गोळा करायला मधल्या गावांतून कुणी हिंडताना मला दिसलं नाही. रामाकोन्याला कावळे मेले का, लोधीखेड्यात परसातल्या कोंबड्या माना टाकतात का, हे विचारायला दारात कुणी आलं नाही. हे मला फार लागलं, कारण दारोदार जाऊन हेच विचारण्यात मी एक अख्खं दशक घालवलं आहे.

शिक्षण नागपूरच्या पशुवैद्यक महाविद्यालयात झालं आणि नोकरी लागली ती इकडे, मध्य प्रदेशात. पहिली काही वर्षं ढोरांच्या दवाखान्यात गेली. अडकलेले जार, फुगलेली पोटं, पावसाळ्याआधी घटसर्प आणि फऱ्याच्या लशी. काम गरजेचं होतं, पण त्यात सांगण्यासारखं फार नाही. खरं काम सुरू झालं १९९२ नंतर, राष्ट्रीय बुळकांडी निर्मूलन प्रकल्प आला तेव्हा.

बुळकांडीशी आपल्या देशाची लढाई जुनी. जनावरांच्या रोगांवर संशोधन करणारी देशातली पहिली प्रयोगशाळा १८८९ मध्ये पुण्यात निघाली आणि चार वर्षांनी कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलली. तिथंच १९२७ च्या सुमारास शास्त्रज्ञ एडवर्ड्स यांनी शेळीच्या शरीरात वाढवून सौम्य केलेल्या विषाणूची लस तयार केली. १९५४ पासून सरकारनं सामूहिक टोचणी हाती घेतली. त्यानंतर कित्येक वर्षं टोचणी चालूच राहिली आणि रोगही थोडाथोडा चालूच राहिला. कागदावर उद्दिष्टं पूर्ण होत. ज्या वस्तीपर्यंत बैलगाडीही जात नसे तिथल्या ढोरांना मात्र सुई लागलेली नसे.

नव्या प्रकल्पात विचारच बदलला होता. टोचत राहायचं नाही, शोधायचं. आणि एका टप्प्यावर टोचणी थांबवायची. हा निर्णय ऐकून आमच्यातले अनेक जुने डॉक्टर हादरले होते. पण त्यामागचं कारण पक्कं होतं. टोचलेल्या जनावराच्या रक्तात जी प्रतिद्रव्यं सापडतात, तीच आजारातून उठलेल्याच्या रक्तातही सापडतात. तेव्हा सगळ्यांना टोचत राहिलं तर विषाणू गेला की कुठं दबा धरून बसलाय, हे कधीच कळणार नाही. टोचणी थांबवल्यावर जन्मलेल्या वासरांचं रक्त कोरं निघालं, तरच खात्री. तोवर भरवसा एकाच गोष्टीवर: गावन् गाव जाऊन पाहणं आणि विचारणं.

ते विचारणं कसं असे, ते सांगतो. सकाळी ढोरं आखरावर गोळा होतात तेव्हा पोचायचं. सरपंचाकडे नाही, गावची ढोरं राखणाऱ्या गायक्याकडे. गावातल्या प्रत्येक जनावराचं तोंड त्याला माहीत. त्याला रोगाचं नाव विचारायचं नाही. नाव विचारलं की माणूस डॉक्टरला आवडेल ते उत्तर देतो. विचारायचं एवढंच, की यंदा कोणत्या ढोराच्या डोळ्यांतून-नाकातून पाणी गेलं, तोंडात फोड आले आणि पातळ हगवण लागली? एकाच घरची दोन-तीन एकदम बसली का? मोहगावकडचा एक म्हातारा गायकी मला म्हणाला होता, "डाक्टरसाहेब, थे बिमारी आली का आम्हाले वासावरूनच समजे जी. तुमी कायले हिंडता उन्हात?" त्याच्या त्या वाक्याचा मला पुढं फार उपयोग झाला. लहानपणी बुळकांडी पाहिलेली अशी माणसं मी गावोगाव हुडकली. ती 'नाही' म्हणाली, की ते 'नाही' पक्कं.

मग रक्त. मानेची शीर दाबून धरायची, नळी अर्धी भरली की ती तिरकी ठेवायची. तास-दीड तासानं रक्त थिजतं आणि वर गवती पिवळं पाणी सुटतं, ते सिरम. ते छोट्या बाटलीत काढून, चिकटपट्टीवर बॉलपेननं गाव, मालक आणि जनावराचं वय लिहायचं. शाई पुसली तर सगळी मेहनत वाया, म्हणून पट्टीवर पुन्हा पारदर्शक पट्टी लावत असू. बर्फ मिळायचा बाजारात सरबतवाल्याकडे. तो थर्मासमध्ये भरून एसटीनं किंवा मोटारसायकलवर पुढं. पांढुर्ण्याच्या बाजूनं मुलताईहून उतरणारे ढोरांचे तांडे विदर्भातल्या बाजारांकडे जात, तेही थांबवून पाहायचे.

रानाचीही चौकशी होई. १९६८ मध्ये बंदीपूर-मुदुमलाईच्या जंगलांत बुळकांडीनं गव्यांचे कळपच्या कळप गेले होते, ते आम्हाला शिकवलेलं होतं. आमच्याकडे पेंचचं जंगल लागून, गव्याचं आणि गावच्या गाईचं पाणी एकच. म्हणून वनरक्षकांशी दोस्ती ठेवावी लागे. मेलेल्या चितळाची किंवा रानडुकराची खबर आली, की सडण्याआधी पोचायची धडपड. आतड्याचा, तिल्लीचा तुकडा एका बाटलीत फॉर्मालिनमध्ये आणि दुसऱ्या बाटलीत ग्लिसरीन सलाईनमध्ये. यातलं काहीही कुठल्या लेखी आदेशात बसत नव्हतं. चौकीतल्या चहावर चाललेली ती व्यवस्था होती, आणि ती चालत होती.

देशातली बुळकांडीची शेवटची लागण १९९५ मध्ये तामिळनाडूत झाली. जगातली शेवटची २००१ मध्ये केनियाच्या मेरू राष्ट्रीय उद्यानातल्या रानम्हशींत. २०११ मध्ये सारं जगच मुक्त जाहीर झालं. देवीनंतर माणसानं पृथ्वीवरून पुसलेला हा दुसराच रोग. त्या यशाचे सोहळे झाले, सत्कार झाले. एकाही गायक्याला कुणी व्यासपीठावर बोलावल्याचं मला आठवत नाही.

बुळकांडीच्या कामाच्या त्या दशकातली एक गोष्ट अजून मनात सलते. आमच्या भागात शेळ्या मरू लागल्या. लक्षणं तंतोतंत बुळकांडीची, पण त्याच गोठ्यातल्या गाई ठणठणीत. म्हणजे हा शेळ्या-मेंढ्यांचा वेगळा रोग, पीपीआर. आपल्या देशात तो पहिल्यांदा १९८७ मध्ये तामिळनाडूच्या अरासूर गावात ओळखला गेला होता. मी नमुने एका मोठ्या प्रयोगशाळेला पाठवले. उत्तर आलं नाही. पुन्हा पाठवले, पुन्हा शांतता. वर बसलेल्या एका साहेबांनी तर मला बजावलं, की असल्या अहवालानं बुळकांडीमुक्तीच्या दाव्यावर बालंट येईल. शेळ्या मरत राहिल्या. शेळी हीच ज्यांची बँक, त्या मजूर बायकांना मी काय सांगणार होतो? पुढं भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेनं पीपीआरची उत्तम लस काढली. एक टोचणी अनेक वर्षं पुरते. पण आमच्याकडची ती मधली वर्षं गेली ती गेलीच. नमुना घेऊन उत्तर न देणं ही संशोधनातली चोरी आहे, असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे.

२००६ नंतरच्या वर्षांबद्दल थोडक्यात सांगतो. बुळकांडी गेली, तसे तिच्यासाठी उभे राहिलेले हात-पायही गेले. त्याच वर्षी फेब्रुवारीत नंदुरबारच्या नवापुरात देशातला पहिला बर्ड फ्लू आला होता. खरं तर गावोगाव हिंडणारी ती माणसं तेव्हाच त्या कामाला जुंपायला हवी होती. तसं झालं नाही.

मग लंपी आला. २०१९ मध्ये ओडिशात, २०२० च्या पावसाळ्यात विदर्भात आणि आमच्याकडे. अंगभर गाठी, पायांना सूज, डोळ्यांतून पाणी. डास आणि चावऱ्या माशांनी पसरणारा रोग. त्याला राज्याची सीमा काय ठाऊक! सप्टेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्रानं बैलबाजार आणि गुरांची ने-आण बंद केली. शेळीच्या देवीची लस गाईंना टोचून वेळ निभावली. पण पहिली गाठ कोणत्या गावात, कोणत्या तारखेला दिसली, हे सांगणारी वही कुणाकडेही नव्हती. गायकी उरले नव्हते, आखरं अतिक्रमणात गेली होती. इथल्या काळ्या मातीची, पांढरीशुभ्र, चपळ गवळाऊ गाय आता शोधावी लागते. जनावरांच्या कानात बारा अंकी पिवळे बिल्ले आले. त्यांचा उपयोग आहे, मी नाकारत नाही. पण तो बिल्ला जनावराची ओळख सांगतो. ते आज सकाळी चरायला का उठलं नाही, हे विचारायला माणूसच लागतो.

१ नोव्हेंबर १९५६ पर्यंत सौंसर आणि नागपूर एकाच प्रांतात होतं. आज इथून नागपूर दीड-दोन तासांवर, तरी मेलेल्या गाईचा नमुना राज्याच्या रीतीनं भोपाळ-जबलपूरकडे निघतो. ढोर मेलं तर पशुपालन खातं, हरीण मेलं तर वन खातं, माणूस तापला तर आरोग्य खातं. विषाणू तिघांकडे एकदम येतो आणि तिघं एकमेकांना महिनाभरानं पत्र लिहितात. पांढुर्णा २०२३ मध्ये स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हा मला आशा होती की नव्या जिल्ह्यात निदान ही तीन खाती महिन्यातून एकदा एका टेबलाशी बसतील. ती आशा मी अजून सोडलेली नाही.

नागपुरात ११ डिसेंबर २०२२ रोजी राष्ट्रीय 'वन हेल्थ' संस्थेची कोनशिला बसली. माणूस, जनावर आणि रान यांचं आरोग्य एकच मानणारी ही संस्था आहे. तिच्या चालकांना माझी विनंती आहे, की सीमेअलीकडच्या केळवदपाशीच थांबू नका. सौंसर, पांढुर्णा आणि पेंचच्या काठावरची गावं तुमच्या नकाशात घ्या. नमुना घ्याल त्या गावाला उत्तर द्या, तेही मराठीत. आणि शोधनिबंध लिहाल तेव्हा, ज्यानं पहिलं मेलेलं जनावर दाखवलं त्या गायक्याचं किंवा वनरक्षकाचं नाव त्यात छापा.

वाचकांनाही एक सांगणं आहे. वस्तीत एकाच वेळी कावळे, कोंबड्या, मांजरं किंवा ढोरं मरताना दिसली, तर त्यांना उघड्या हातानं शिवू नका, नाल्यात टाकू नका. १९६२ या नंबरवर फोन करा. तारीख, गाव आणि लक्षणं एका वहीत लिहून ठेवा, आणि कोणी विचारायला आलं तर ती वही त्याच्या पुढ्यात ठेवा.